खमकी आजी विरुद्ध लोखंडी राक्षस

दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय चित्रकथा महोत्सवात शेवटच्या दिवशी झुंज लागते. दोन देशांचे दोन चित्रकार, भिंतभर ताणलेला एकच कागद आणि आपापल्या पुस्तकातलं पात्र. आळीपाळीने एकेक चौकट काढायची, शब्द एकही लिहायचा नाही. टाळ्या जास्त त्याची जीत, आणि जिंकेल त्याचं पुस्तक देशोदेशी छापलं जातं. त्यासाठी मी वर्षभर देव पाण्यात घालून बसले होते.

माझी नायिका खमकी आजी. लांब बाकदार नाक, त्याच्या टोकावर चष्मा, आणि समोर कुणीही असो, थेट बखोट धरायचं. ही आजी म्हणजे माझ्या सासूबाई, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या हनुवटीवर मोठा तीळ आहे. तेवढा मुद्दाम गाळला होता. उगाच पुरावा कशाला ठेवा.

त्यांनी माझं पुस्तक उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण यंदा नवऱ्याचा पाय मुरगळला आणि सकाळी सासूबाई पर्स घेऊन दारात उभ्या. "पास फुकट कशाला घालवायचा," म्हणाल्या.

झुंजीच्या वेळी त्या नेमक्या पहिल्या रांगेत. माझ्यासमोर एक धिप्पाड दाढीवाला, ज्याचा लोखंडी राक्षस जगभर खपतो. पहिल्याच चौकटीत राक्षसाने नदीवरचा पूल मुळासकट उपटला. हॉल दणाणला.

माझी पाळी आली. मार्कर कागदाला टेकवला आणि सासूबाईंची नजर पाठीला टोचायला लागली. मी नाक आखूड काढलं. भुवया उतरवल्या. बखोट धरायचं सोडून आजी राक्षसाकडे बघून चक्क हसली. चार टाळ्या पडल्या, त्याही दया म्हणून. पुढच्या चौकटीत राक्षसाने तिला चिमटीत उचललं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये भल्याभल्यांना सरळ करणारा तो आवाज.

"अगं, नाक एवढंसं काय काढलंयस? माझं आहे तसं काढ की. तो मेला मला उचलतोय आणि तू बघत काय बसलीस?"

दुभाष्याने ते इमानदारीत चार भाषांत ऐकवलं. हॉल पोट धरधरून हसला.

मग माझा हात जो सुटला तो सुटला. अर्धी चौकट नुसतं नाक. चिमटीत लोंबकळतच आजीने राक्षसाचा लोखंडी कान पिरगाळला. त्याने अग्निबाण उपसले; आजीने त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बोट केलं, मग पायपुसण्याकडे. दाढीवाला क्षणभर थबकला, आणि त्याने स्वतःच राक्षसाला निमूट पाय पुसायला लावलं. शेवटची चौकट माझी. राक्षस जीभ बाहेर काढून पूल जागच्या जागी बसवतोय आणि शेजारी आजी मोजपट्टी घेऊन उभी.

अख्खा हॉल उभा राहिला. दाढीवाला मार्कर खिशात घालून स्वतःच टाळ्या पिटायला लागला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

लोकांनी सासूबाईंना मंचावर चढवलं. त्या कुणाकडे न बघता कागदापाशी गेल्या. चष्मा नाकाच्या टोकावर आणला, माझ्या हातातला मार्कर काढून घेतला आणि आजीच्या हनुवटीवर एक ठसठशीत टिंब दिलं.

"पहिल्या पुस्तकापासून राहून जातोय," त्या म्हणाल्या.