बदलीचा कोयता

"मामा, बसून तर बघा! सीट लई मऊ हाय," गीता म्हणाली.

अंबाजोगाईच्या कोर्टासमोर, लिंबाखाली नवी गाडी उभी होती. मुली विकण्याच्या खटल्यांसाठी सरकारने यंदा निधी दिला होता. त्यातून साक्षीदारांना गाडी होती, बसायला वेगळी खोली होती, बुडालेली मजुरीही मिळणार होती. पोलीस शिपाई गीता एका साक्षीदार बाईला आणायला निघाली होती.

"मजुरी बी देतेत?" निवृत्त जमादार धुळाजींनी विचारले.

"देतेत की. तुमच्या टायमाला काय मिळायचं?"

"सायबाच्या शिव्या."

गीता हसली. धुळाजींना दुष्काळाचे ते साल आठवले. गावे ओस पडली होती. जो तो सहकारी कारखान्यांवर ऊस तोडायला गेला होता. त्यांत युसूफ वडगाव या गावची बायडाबाईही होती. लग्न जमवतो म्हणून तिची पोर नेऊन विकणाऱ्या दलालाला तिच्याशिवाय कोणी ओळखत नव्हते. कोर्टाने शेवटची तारीख दिली होती. ती चुकली असती, तर दलाल सुटला असता.

धुळाजी पदरमोड करून उसाच्या फडात पोचले. मुकादम म्हणाला, "जमादार, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गेली की कोयता मोडला. बदली माणूस द्या, मग खुशाल न्या."

हात हलवत ते घरी आले. भाकरी थापता थापता भिवराबाई म्हणाली, "मी जाते की बदली."

"जमादाराची बायको ऊस तोडणार? लोक काय म्हनतील?"

"बायको माहेरी गेली म्हनून सांगा. खोटं न्हाई, माझं माहेर फडातच हाय."

तारखेला बायडाबाई आरोपीच्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली. "ह्योच त्यो," म्हणाली. दलालाला शिक्षा झाली.

भिवराबाई परतली तेव्हा उसाच्या पाचटाने तिचे तोंड ओरबाडले होते, तळहात सोलवटले होते. धुळाजींनी खोबरेल लावायला तिचे हात धरले.

"ते ऱ्हाऊ द्या. ओळखला का तिनं?"

"ओळखला."

मग तिने हात पुढे केले. हे सगळे कुठल्याच कागदावर आले नाही.

"मामा, कुठं हरवलात?" गीताने दार उघडले. "चला, वाटंत घरी सोडते."

"आता बदली माणूस लागत न्हाई म्हन की."

"कशाला लागंल?"

"बरं झालं."

धुळाजी आत चढले आणि पार खिडकीला टेकून बसले.

"ऐसपैस बसा की, मामा. सगळी गाडी रिकामीच हाय."

"असू दे," धुळाजी म्हणाले. भिवराबाईला जाऊन वर्ष होत आले होते. शेजारच्या सीटवरची धूळ त्यांनी उपरण्याने हळूच पुसली.