किटलीची जाहिरात चालूच राहिली

ऑफिसात तिला सगळे कवयित्री म्हणत, कारण किटलीच्या जाहिरातीतली ओळ तिने लिहिली होती: 'दिवस सुरू होतो एका उकळीनं.' त्याच किटलीचं हँडल आत उकळतं पाणी असताना निखळलं आणि तिच्या जाऊबाईंचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. किटली तिच्याच शब्दावर घेतलेली. जाऊबाईंनी बोल लावला नाही, पट्टी बदलताना दात आवळून एवढंच म्हणाल्या, "अगं, निदान दुसऱ्या कुणी घेऊ नये, तेवढं बघ."

ते बघायलाच ती आज बैठकीत बसली होती. जाहिरातीखाली लोकांनी भाजलेल्या हातापायांचे फोटो टाकले होते आणि शिव्यांची लाखोली वाहिली होती. जाहिरात एजन्सीचे साहेब मात्र पडद्यावरच्या चढत्या रेषेकडे नातवाचं पहिलं पाऊल बघावं तसे बघत होते.

"एंगेजमेंट बघा, लोकांचा प्रतिसाद. तिप्पट!"

"साहेब, लोक शिव्या घालतायत," ती म्हणाली.

"बोलतायत ना? पूर्वी याला आपण तक्रार म्हणायचो. आता संवाद म्हणायचं."

"आणि जे भाजले त्यांना काय म्हणायचं?"

"ॲक्टिव्ह कम्युनिटी," मॅनेजर सँडविच चावता चावता म्हणाला. दोघंतिघं हसले.

एजन्सीची पद्धत अशी, की ज्या जाहिरातीखाली कॉमेंट वाढतील तिच्यामागे यंत्रणा आपोआप जास्त पैसे लावायची. कॉमेंट कौतुकाच्या की बोंबा मारणाऱ्या, हे यंत्रणेला कळत नव्हतं आणि ज्यांना कळत होतं ते सँडविच खात होते. जितकी माणसं भाजत, तितकी जाहिरात नव्या घरांत शिरत होती. किटल्या धडाधड खपत होत्या.

"मग जाहिरात बंद करा ना," ती म्हणाली.

"या आठवड्यात? डोकं ठिकाणावर आहे का, कवयित्री? कंपनी खूश आहे. तू आपलं निवेदन लिही. 'दुर्घटना' नको, 'अनुभव' म्हण. आणि 'भाजले' तर अजिबात नको."

"मग काय लिहू? उबदार अनुभव?"

साहेबांनी मान तिरकी करून त्यावर खरोखर विचार केला.

ती उठून आपल्या जागेवर गेली. जाहिरात थांबवायचा अधिकार तिला नव्हता. मजकूर बदलायचा मात्र होता. स्वल्पविराम इकडेतिकडे हलवण्यातच तर तिची वर्षं गेली होती. तिने स्वतःची ओळ खोडली आणि लिहिलं: 'या किटलीचं हँडल निखळतं. माणसं भाजली आहेत. घरात असेल तर वापरू नका, नसेल तर घेऊ नका.'

कॉमेंट भराभर वाढल्या. यंत्रणेने इमानेइतबारे आणखी पैसे ओतले आणि कंपनीच्याच खर्चाने तो इशारा घरोघर जाऊ लागला.

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. साहेब लालबुंद होऊन तिच्या टेबलाशी आले. "आत्ताच्या आत्ता काढ ते! आणि उद्यापासून येऊ नकोस."

"तुम्हीच काढा," ती पर्स उचलत म्हणाली. "पण किती जणांनी वाचलं, तेवढं बघून घ्या."

साहेबांनी स्क्रीन आपल्याकडे वळवली. आकडा दिसला. शिवी ओठांवर असतानाच, निव्वळ सवयीने, त्यांचे डोळे चमकले.

ते बघून ती लिफ्टसाठी न थांबता जिन्याने खाली उतरली.