एकटीनं खाल्लेली पिसोरी

आमच्या रानातल्या तळावर सात झोपड्या होत्या, आणि कुठल्या झोपडीत कधी शिकारीचा कुठला वाटा गेला हे मला तोंडपाठ होतं. एपांदाच्या बायकोकडे दरवेळी बरगडीच कशी जाते, येयेच्या पातेल्यात मान पडली की ती किती दिवस कुरकुरते, सगळं. म्हाताऱ्या विधवेला दुसरं काम तरी काय? कंद खणायचे, नातवंडांच्या नाकाकडे बघायचं, आणि कुणी चुकलं की त्याचं सोंग काढायचं.

सोंग काढणं हे आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांचं काम. नाव घ्यायचं नाही, शब्द बोलायचा नाही. झोपड्यांच्या मधोमध उभं राहायचं, त्या माणसाची चाल चालायची आणि त्याची चूक करून दाखवायची. बघणारे ओळखतात, हसतात, तोंडाला येईल ते बोलतात. ज्याचं सोंग तोही शेवटी हसला की प्रकरण मिटलं. नाही हसला, तर तो गाठोडं बांधून दुसऱ्या तळाची वाट धरतो. मी काढलेलं सोंग बघून न हसलेले दोनच जण मला आठवतात, आणि ते दोघंही आता कुठे आहेत ते मला माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात रानडुक्कर पडलं तेव्हा वाटे करताना एपांदानं मला नडगी दिली. नडगी! ती मी विसरले नाही.

पुढे चार-पाच दिवसांनी आम्ही बायका मासे धरायला ओढ्यावर गेलो. बांध घालून डबकी उपसली, टोपल्या भरल्या, बाकीच्या परत फिरल्या. वरच्या अंगाला अजून एक डबकं होतं, म्हणून मी मागे राहिले. पाणी गुडघ्याएवढं उतरलं तेव्हा मुळाखाली हात घातला, तर हाताला खवल्यांऐवजी केस लागले. पिसोरी! पाण्यातली पिसोरी, हे बुटकं हरीण, अशीच. घाबरली की बुडी मारते आणि मुळाखाली श्वास कोंडून बसते. शिंगं नसतात तिला, पण नराला बारीक सुळे असतात. हा नर होता. त्यानं मनगट फाडलं, मी कोयत्याची पाठ मारली.

तेवढ्याशा जनावराचे सात वाटे सहज झाले असते. हे मी तेव्हाही मोजलं होतं. आणि मग मला नडगी आठवली.

तिथेच जाळ केला. काळीज खाल्लं, एक मांडी खाल्ली. उरलेलं पानात गुंडाळून झाडाच्या बेचक्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंद खणायच्या निमित्तानं गेले, तर त्यावर मुंग्यांची रांग लागलेली. जे माणसांना दिलं नाही ते मुंग्यांना दिलं. मनगटाला काय झालं म्हणून येयेनं विचारलं, मी म्हटलं, काटा.

त्यानंतर शिकार बंद झाली. भाला चुकायचा, कुत्र्यांना वास लागायचा नाही. एपांदाचा जावई बोसेले नाक चिमटीत धरून भेकराच्या पिलासारखा रडायचा. त्या हाकेला भेकरं धावत यायची ती येईनात. कुणी एकट्यानं खाल्लं की जंगल हात आखडतं, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. सहाव्या दिवशी कोकोच्या पाल्याची नुसती भाजी गिळताना एपांदाची बायको म्हणाली, "कुणाचं तरी पोट भरलेलं आहे बायांनो."

"आपल्यातला कोण करील असं?" येये म्हणाली.

आपल्यातला नसलेला एकच होता. बोसेले. खालच्या नदीकडून आलेला, एपांदाच्या लेकीचा, न्यांदीचा नवरा. न्यांदीला दिवस गेलेले. मूल चालायला लागेपर्यंत त्यानं सासऱ्याच्या तळावर शिकार करायची, अशी रीत. रोज एकटाच लांब जायचा, रिकाम्या हातानं यायचा.

"रिकाम्या हातानं, पण भरल्या पोटानं," एपांदाची बायको म्हणाली. पोटच्या लेकीचा नवरा, पण सासूच ती. "सोंबो, ऊठ गं. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पाय दुखतात म्हटलं असतं तर कुणी ओढलं नसतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला ते बघणं आवडतं. शिवाय, खरं सांगायचं तर, दुसऱ्याच्या नावावर गेलं तर बरंच होतं.

दुपार कलली होती. पुरुष परतले होते. मी मधोमध गेले आणि मान लांब केली. एवढ्यानंच पोरं लोळायला लागली, कारण बोसेलेची मान तशीच, बगळ्यासारखी. मी त्याच्यासारखी वाकून चालले, हाक मारण्याआधी तो थुंकतो तशी थुंकले, नाक चिमटीत धरलं.

"आलं आलं, भेकर आलं!" कुणीतरी ओरडलं.

"सासूला देऊ का बायकोला, विचार करतोय बघा!"

"कुणालाच नको, जावईबापू! मुंडकंसुद्धा खाऊन टाका!"

मी भाला फेकला, मागे वळून बघितलं, झाडाआड बसले. न्यांदी खाली मान घालून बसली होती. बोसेले सरळ माझ्याकडे बघत होता, हसत नव्हता. तो हसेना म्हणून मला चेव चढला. आता असं खाऊन दाखवते, म्हटलं, की दगडाला हसू यावं.

पुढचं मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप चालत गेले. कोपरापर्यंत खाली गेले, चाचपडले, थबकले. मी तोंडाचा चंबू केला, मासा नव्हे हे कळल्यावर होतो तसा. ओढलं, दचकून मनगट तोंडात घालून चोखलं. मग बारीक हाड दोन बोटांत धरून त्यातला गर ओढला, डोळे मिटून. फार छान झालं. इतकं छान सोंग मी आयुष्यात काढलं नसेल.

डोळे उघडले तेव्हा हसणं विरळ झालं होतं.

"ही तर पिसोरी," एपांदा सावकाश म्हणाला. "पाण्यातली."

"आणि बोसेले टोपली घेऊन डबकी कधीपासून उपसायला लागला?" येयेनं विचारलं. ती माझ्या मनगटाकडे बघत होती. "काटा ना गं, सोंबो?"

मी मनगट मागे घेतलं.

येयेला सोंग काढता येत नाही, कधीच आलं नाही. पण ती उठली. माझ्यासारखी कुबड काढून एकेका झोपडीपुढे गेली, बोटांवर त्यांचे वाटे मोजले, भुवया चढवल्या. आणि हे सगळं गाल फुगवून, भरल्या तोंडानं. पोरं किंचाळत होती. मीही हसले. हसावंच लागतं. माझं हसू बघून सगळे निवांत झाले. प्रकरण मिटलं.

बोसेलेचं मिटलं नव्हतं. त्यानं गाठोडं बांधलं होतं आणि न्यांदी त्या गाठोड्यावर बसून होती.

"ऊठ."

"नाही उठत. त्यांना कळलं ना आता?"

"कळायच्या आधी तू मान का घातलीस खाली?"

न्यांदीनं गाठोड्याची गाठ मुठीत धरली. मी जवळ जाऊन म्हटलं, "मी खाल्ली. तुझं सोंग मी काढायला नको होतं."

तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. "आत्या," तो म्हणाला, "तू चोखत होतीस ना, तेव्हा क्षणभर मलाच वाटलं, मी खाल्ली असेन."

न्यांदी उठली नाही, म्हणून तो राहिला.

दोन दिवसांनी त्याच्या हाकेला भेकर आलं. कापलं त्यानंच, वाटलंही त्यानंच. माझा वाटा न्यांदी पानात घेऊन आली, ठेवला आणि गेली. मी पान उलगडलं. खांद्याकडचा तुकडा होता. आठवणीनं येयेच्या, एपांदाच्या, सगळ्यांच्या तुकड्यांशी ताडून पाहिला. कमी असता तर मला बोलता आलं असतं. जास्त असता तर परत पाठवता आला असता. तो अगदी सगळ्यांएवढा होता.