खाट सदतीस

"हे इंजेक्शन बाहेरून आणावं लागेल. लगेच," नर्सने कागद पुढे केला, तेव्हा बुधाजी बायकोच्या खाटेवरचा आकडा बघत होता. सदतीस. त्याने चटकन नजर काढून घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

किशोरीने पैसे काढले आणि हात पुन्हा मागे घेतला. "बा, मी जाऊ का?"

"तू आयजवल बस. मी आनतो."

सोनाबाईचा ताप डोक्यात गेला होता. मुलीने पैसे दिले, पण बापाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

बुधाजी खाडीवरचा कोळी. मटका सोडून त्याला वर्ष होत आलं होतं. एके काळी ट्रकची पाटी, स्वप्नातला मासा, कशातही त्याला आकडा दिसायचा. हरलेल्या दिवसांची आठवण दुसऱ्या दिवशी पुसलेली असायची. एकदाच लागलेली दोन आकड्यांची जोडी मात्र जन्माची पाठ. "मटका सुटतो, पण मेंदूने गिरवलेलं पुसत नाही," व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "जुनी जागा दिसली की तो धडा म्हणायला लागतो. तुम्ही रस्ताच बदला." तेव्हापासून हा गडी बाजारात जाताना मटक्याच्या अड्ड्याची गल्ली टाळून वडाळे तळ्याला वळसा घालायचा. लोक हसायचे. हसोत बापडे.

आज वळसा घालायला वेळ नव्हता. औषधाचं दुकान अड्ड्याच्या पुढेच होतं.

गल्लीत शिरताच पाय न सांगता डावीकडे, अड्ड्याकडे वळले. आकडे घेणारा जगन पायरीवरच बसला होता.

"या बुधाजीशेठ. आकडा फुटायला येल हाय आजून. काय दिसलं?"

सदतीस जिभेवर आलंच होतं. हातात पैसे होते. लागला तर औषधही येईल आणि वर चार दिवस घर चालेल, असं डोकं गोड बोलून समजावत होतं. बुधाजीला स्वतःचीच भीती वाटली.

"बायको दिसली," तो म्हणाला. "खाटेवर."

औषधाच्या दुकानाकडे पाय चिखलात रुतल्यासारखे उचलावे लागले.

इंजेक्शन सलाइनमध्ये गेलं. बुधाजी खाटेशी उभा राहिला. आज कोणीतरी पाठीवर हात ठेवावा असं त्याला फार वाटत होतं. तेवढ्यात सोनाबाईचा हात हलला. डोळे मिटलेलेच. बोटं चाचपडत त्याच्या सदऱ्यावर आली आणि खिसा शोधू लागली. संसारभर तिने रोज संध्याकाळी याच खिशात मटक्याची चिठ्ठी शोधली होती.

"आये, बानं औषध आनलंय गो," किशोरी ओशाळून तिचा हात धरायला गेली.

"ऱ्हाऊ दे," बुधाजी म्हणाला, आणि खिसा तिच्या हाताला नीट पोचावा म्हणून आणखी खाली वाकला.