राखीव चॅनेल

तुम्ही त्या माणसाचे सहा ड्रम पुसून टाकलेत. चुकून नाही आणि घाईतही नाही. वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत बसून, समोर दिवे लागलेले दिसत असताना पुसलेत. आणि नंतर वर तोंड करून म्हणालात की वादक कमी पडला.

आता खाली काय झालं ते ऐका. खाली उतरायची तुम्हाला सवय नाही, म्हणून पहिल्यापासून सांगायला लागतंय.

खाली म्हणजे तुमच्या ध्वनिमुद्रण केंद्राचं तळघर. तिथे खिडकी नाही. भिंतींना जाड फोम चिकटवलाय, त्यामुळे खोकलं तरी आवाज छातीतच राहिल्यासारखा वाटतो. टेक, म्हणजे प्रत्यक्ष मुद्रण, सुरू असताना एसी बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते. आणि तुमच्या नव्या नियमानं दारही तुमच्याच हातात गेलं. तुम्ही वर बटण दाबलं की बाहेर लाल दिवा लागतो आणि दार अडकतं. तुम्ही सोडाल तेव्हा आतला माणूस बाहेर. पाणी प्यायचं असो, नाहीतर जीव घुसमटलेला असो.

या खोलीत तुमच्या रेकॉर्डिस्ट बाईचं अख्खं तारुण्य गेलं. केंद्रात तिला सगळे वहिनी म्हणतात, कारण केंद्राच्या वाद्यवृंदातला ड्रमर हा तिचा सख्खा दीर, आणि तो तिला पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारतो.

त्या दुपारी दिराची चाचणी होती. बाकीची वाद्यं आधीच भरून झाली होती. त्यावर त्यानं ड्रम वाजवायचे, एकदाच, आणि ते ऐकून निवड समिती ठरवणार की ड्रमर ठेवायचा की ताल मशीनमधून घ्यायचा. या माणसाला दुसरं काही येत नाही. जेवायला बसला तरी ताटाच्या कडेवर बोटं चालू. सकाळी नवऱ्यानं दारातच तिला म्हटलं होतं, "त्याला सांभाळून घे गं." जसं काही सांभाळायच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या.

ती आत आली तेव्हा त्यानं अर्धी खोली व्यापली होती. दोन बास ड्रम, मध्ये तळाला तारा लावलेली स्नेअर, पायाशी हाय-हॅटची झांजजोडी, लहानापासून थोराडापर्यंत रांगेत टॉम नावाचे सहा ड्रम, आणि त्या सगळ्यांवर पितळी छत धरल्यासारख्या सिंबलच्या थाळ्या.

"भाऊजी, हा ड्रमसेट आहे की भांड्यांचं दुकान?"

"दुकान असतं तर गिऱ्हाईक तरी फिरकलं असतं." तो स्टूल गोल फिरवून उंची जुळवत होता. "किती माइक देताय?"

"आठ."

स्टूल थांबलं. "टेबलावर सोळा माइकांचे चॅनेल दिसतायत मला."

"उरलेले आठ राखीव. पाहुण्यांसाठी."

"कोण पाहुणे?"

"आजवर तरी कुणी आलं नाही."

"मग मलाच पाहुणा समजा, वहिनी. पाट मांडा."

ती हसली, पण हात कामाला लागले होते. आठात बसवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही, तरी ऐका, असं ती तुम्हाला कधी म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं. दोन्ही बास ड्रमना एकेक जाडजूड माइक, हवेचा धक्का सोसणारा. स्नेअरला वरून एक, काठीचा फटका बसला तरी हूं की चूं न करणारा जुना माइक. खालून दुसरा, तारांची सळसळ पकडायला, आणि त्याच्या आवाजाची लाट बटणानं उलटी केलेली, नाहीतर वरचा आणि खालचा एकमेकांना खाऊन टाकतात. हाय-हॅटला एक. उजवीकडच्या मोठ्या सिंबलला एक. झाले सहा. उरलेले दोन नाजूक माइक उंच स्टँडवर, अख्ख्या सेटच्या डोक्यावर. सहा टॉमचा आवाज त्या दोघांनी वरूनच गोळा करायचा.

त्यानं वाजवून दाखवलं. तिनं त्याला काचेआडच्या आपल्या टेबलापाशी बोलावून ऐकवलं. तो उभ्यानंच ऐकत राहिला.

"टॉम लांब गेलेत."

"लांब आहेत, पण आहेत."

"वहिनी, मधली जागा तुम्हाला माहितीये. सगळे थांबतात आणि मी एकटा सहाही टॉमवरून खाली उतरतो. समिती तीच जागा ऐकणार. तिथे मी शेजारच्या घरात वाजतोय असं वाटलं तर मशीनच बरं."

"दोन टॉम काढून टाका, बाकीच्यांना जवळ करते."

"एक काम करा, माझी दोन बोटंच काढा."

मग तिनं वर जोडणाऱ्या माइकचं बटण दाबलं. "साहेब, आणखी सहा चॅनेल लागतील. राखीवमधले. पाहुणे आज येणार नाहीत ना?"

तुमचा आवाज स्पीकरमधून आला. "आठात बसवा."

"टॉम पोचत नाहीयेत, साहेब."

"सुरू करा. समितीला वेळ नाही."

आणि बाहेर खट्ट झालं. लाल दिवा लागला, दार अडकलं, एसी बंद पडला. हे तुम्ही केलंत तेव्हा आत दोन माणसं होती आणि समोर आठ मोकळ्या जागा होत्या, घरात कुणी राहत नसताना रोज झाडून ठेवावं तशा.

दिरानं तिच्याकडे पाहिलं नाही. हातातल्या काठ्यांवरचा घाम पँटला पुसला आणि जाऊन बसला. तेच तिला लागलं. तो भांडला असता तर तिनं त्याला गप्प केलं असतं. ती उठली, कपाटातून सहा छोटे चिमट्याचे माइक काढले, एकेका टॉमच्या कडेला लावले, आणि वायरी राखीव खाचांमध्ये खुपसल्या.

"वहिनी, तुमची नोकरी जाईल."

"तुम्ही ताल सोडू नका. नोकरीचं मी बघते."

आणि मग तिनं ते केलं, जे तिच्या धंद्यातला कुणीही शहाणा माणूस करेल. टॉमना आता स्वतःचे माइक मिळाले होते. मग वरच्या दोन माइकनी टॉम कशाला गोळा करायचे? तिनं स्टँड खाली घेतले, ते दोघे सिंबलच्या अगदी अंगाशी नेले, तोंडं टॉमपासून फिरवली. आवाज लख्ख झाला. प्रत्येक ड्रम आपापल्या जागी, कुणी कुणाच्या अंगणात पाय टाकत नाही.

त्यानं वाजवलं. मधली जागा आली, सगळी वाद्यं थांबली, आणि तो सहा टॉमवरून असा उतरला की लहान टॉमचा टणत्कार मोठ्यात जाऊन जमिनीत मुरला आणि वर एकच सिंबल कडाडली. काचेच्या अलीकडे वहिनीची नजर टेबलावर होती. तिथे राखीव चॅनेलचे सहा हिरवे दिवे एकामागून एक नाचत गेले. तेच दिवे तुमच्या टेबलावरही लागतात. थांबवायचं तर तिथल्या तिथे थांबवता आलं असतं. एक शब्द बोलला असतात, तर तिनं वायरी उपटून स्टँड पुन्हा उंच केले असते आणि तो आठात वाजला असता. लांब, पण वाजला असता. तुम्ही मूग गिळून बसलात.

टेक संपला. दिवा विझेना. दोघं त्या बंद खोलीत घामानं निथळत बसून राहिले. तो स्टुलावर, ती खुर्चीत, मध्ये काच. त्यानं खुणेनं विचारलं, कसं झालं? तिनं खुणेनंच सांगितलं, झक्कास. वर समिती ऐकत होती.

बऱ्याच वेळानं स्पीकर खरखरला. "वादकाची निवड झालेली नाही. मधल्या जागी त्याला वाजवणं सुचलेलं दिसत नाही."

"साहेब, टॉम ऐकलेत ना?"

"राखीव चॅनेलवर काही आलं होतं. नियमाप्रमाणे ते पुसून मगच समितीला ऐकवलं."

आणि स्पीकर बंद.

दीर काचेमागून उठून तिच्या टेबलापाशी आला. तिनं टेप लावून पाहिली. आठ चॅनेल भरलेले होते, राखीवमधले सहा कोरे. बास ड्रम धडधडत होते, स्नेअर कडक बोलत होती, हाय-हॅट चावत होती. मधली जागा आली. सगळं थांबलं. आणि काहीच झालं नाही. कुठेतरी तळाशी, कुणी रजईत बुक्के मारतंय असं पुसट, आणि मग एकदम, कारण नसताना, सिंबल कडाडली.

त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. हात आपोआप हवेत उचलले गेले आणि तो त्या रिकाम्या जागेवरून खाली उतरला, डावा, उजवा, डावा, उजवा, नेमका सिंबलपाशी पोचला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी वाजवलं होतं ना?"

"वाजवलं होतंत."

"मग घरी तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर बहाणा वाटेल."

ती दारापाशी गेली आणि कडी ओढली. दार अजून अडकलेलंच होतं. घरी नवरा विचारणार, सांभाळून घेतलंस का, आणि तिच्याकडे एकच उत्तर होतं: मीच वरचे माइक खाली घेतले, नाहीतर टॉम लांबून तरी ऐकू आले असते. हे ती रोज जेवताना दोघांसमोर बसून गिळणार. दीर ताटाच्या कडेवर बोटं वाजवणार नाही, आणि का वाजवत नाही हे कुणी विचारणार नाही.

ती परत आली, वर बोलायचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. तुमच्या खोलीत स्पीकर चालू झाला असेल. तुम्ही ऐकलंत, हेही तिला ठाऊक आहे, कारण स्पीकर क्षणभर खरखरला आणि वर खुर्ची सरकल्याचा आवाज खाली आला.

"साहेब," ती म्हणाली, "ते आठ चॅनेल कोणासाठी ठेवलेत? नाव सांगा. कोण येणार होतं? नाव सांगितल्याशिवाय मी बटण सोडणार नाही."