गेटवरच्या फोनला लागलेलं कुंकू

मित्रांनो, मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटवरचा जुना काळा फोन आहे. तुम्हाला वाटेल, हा साऱ्या जगाशी बोलत असेल. कसलं काय! माझं फिरणं खुंट्याला बांधलेल्या बैलासारखं. रिसीव्हर उचलला की कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावरचा ऑपरेटर बोले आणि गोदाम नाहीतर कचेरी जोडून देई. बोर्डावर प्रत्येक फोनचं एक भोक होतं. ज्याच्याखाली तांबडा ठिपका, त्यालाच बाहेरची लाइन द्यायची, असा साहेबांचा हुकूम होता. मला ठिपका नव्हता. पूर्वी गेटवरून कोणीही कुठेही गप्पा हाणायचे, म्हणून ही बंदी. बाहेरचा फोन आत मात्र येई.

ट्रकवाल्यांच्या तोंडून मी गावांची नावं ऐकायचो आणि झुरायचो. एकदा तरी माझा आवाज या कुंपणाबाहेर जावा, एवढंच वाटायचं.

माझ्यासारखाच झुरणारा आणखी एक होता, गेटवरचा वॉचमन हंबीरराव. पलटणीतून पेन्शनीत आलेला, मिशा ताठ आणि बोलणंही ताठ. त्याचा मुलगा मानसिंग फौजेत होता. एकाहत्तर साली तो सुट्टीवर आला आणि आपल्या मनानं लग्न ठरवून बसला. हंबीरराव भडकला. "मला तोंड दावू नगंस," म्हणाला. पोरगा साताऱ्याला मावशीकडे निघून गेला. तेवढ्यात लढाईची कुणकुण लागली, सुट्ट्या रद्द झाल्या. खंडेनवमीच्या सकाळी हंबीररावाला निरोप मिळाला, मानसिंग आज दुपारीच पलटणीकडे निघतोय. एसटीनं गाठणं शक्य नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. ऑपरेटर नानासोनं बोर्डाला हार घातला आणि कुणी रुसायला नको म्हणून प्रत्येक भोकाखाली कुंकवाचं बोट टेकवलं. मग त्या दिवशी बदली ऑपरेटर म्हणून आलेल्या गुणमालाबाईंना त्यानं नियम सांगितला, ठिपका बघूनच बाहेरची लाइन द्यायची, आणि तो घरी गेला.

हंबीररावानं मला उचललं. "बाई, सातारा मिळंल का वो? मिळत न्हाई म्हाईत हाय मला. तरी इचारतो."

"मिळेल की काका. ठिपका आहे तुमच्या फोनला."

मावशीच्या शेजारच्या दुकानात फोन होता. बऱ्याच वेळानं ट्रंक कॉल लागला. माझा आवाज पहिल्यांदाच ऊस, नदी, डोंगर ओलांडून गेला. खरं सांगतो, अंग शहारलं.

"कोण? आबा? तुमी बोलताय व्हय?"

हंबीरराव म्हणाला, "व्हय. पोरगी पसंत हाय मला. लगीन करू. तू ये गड्या, मी वाट बगतो."

"येतो आबा."

दसरा झाल्यावर साहेबांना चूक कळली. बोर्ड पुसला गेला आणि माझं भोक पुन्हा कोरं झालं.

थंडीत एका सकाळी मी वाजलो. फोन साताऱ्याचा होता. हंबीररावानं ऐकलं आणि तो रिसीव्हर छातीशी धरून बसून राहिला. मानसिंग लढाईत कामी आला होता. अशी बातमी आत यायला कुणाची परवानगी लागली नाही.

पुढं दर खंडेनवमीला तो आधी मला कुंकू लावायचा. म्हणायचा, "तुज्यामुळं पोरगं राग घिऊन गेलं न्हाई रं."

आता मी भंगारखोलीत आहे, तार कापलेली. मित्रांनो, बंदी घालायची तर जरूर घाला. पण घालण्याआधी गेटवरच्या माणसाला एकदा विचारा, बाबा, तुझं कुणाशी काही बोलायचं राहिलंय का? मी अजून वाट पाहतो. कुणीतरी मला उचलेल आणि हळूच म्हणेल, सातारा मिळंल का?