माझ्या ब्रेकला तेल लावू नका

हो, सायकलच बोलतेय. दचकू नका. आवाज चढलेला वाटत असेल, तर तो चढलेलाच आहे. खूप दिवस गप्प राहिले. आज सगळं ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

बाजारातून मेथीची जुडी आणण्यासाठी माझा जन्म झालेला नाही. मी एंड्युरोची सायकल. दगडगोट्यांच्या, मुरमाच्या पायवाटांवरून डोंगर उतरण्यासाठी मला घडवलं आहे. पुढे आणि मागे जाडजूड शॉकअप, चार बोटं रुंद टायर, आणि सीट अशी की बटण दाबून खाली घेता येते. उतारावर अंग मागे न्यायला जागा व्हावी म्हणून ती सोय. सोलापुरात शुक्रवार पेठेतली पोरं त्या बटणाशी तासन् तास खेळतात. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. मी काय खुळखुळा आहे?

माझा पहिला मालक हृषीकेश. पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला. त्याने मला हौसेने घेतलं आणि पहिला महिनाभर नुसते फोटो काढले. माझ्याबरोबर हेल्मेट घालून, हेल्मेट काढून, डोंगराकडे पाठ करून. मग एकदाचा टेकडीवर घेऊन गेला. पहिल्याच उतारावर घाबरला, पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि हँडलवरून पुढे जाऊन पडला. खांदा सुजला. मित्रांना सांगितलं काय, तर सायकलच बेकार निघाली! पडला हा आणि बेकार मी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मग त्याने मला सोलापूरला आईवडिलांकडे पाठवून दिलं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गॅलरीत मी भिंतीला टेकून उभी. टॉवेलांच्या या गावात टॉवेल वाळत घालायला दोरीच मिळेना की काय कोण जाणे, सगळे ओले टॉवेल माझ्या हँडलवर! मात्र हृषीकेशची आई, पद्मजाबाई, दर आठवड्याला मला फडक्याने पुसायची. "पोराची वस्तू आहे, खराब व्हायला नको," म्हणायची. तेवढं तिचं मान्य करते. पोराने मात्र दोन वर्षांत माझी चौकशीसुद्धा केली नाही.

मला गॅलरीतून बाहेर काढलं ते भार्गवीने. हृषीकेशची धाकटी बहीण, प्राथमिक शाळेत शिकवते. तिची कॉलेजातली मैत्रीण धम्मप्रिया वीज कंपनीत इंजिनियर आहे आणि ती आधीपासून असली सायकल चालवत होती. दोघी रविवारी सकाळी मला हिप्परग्याच्या तलावापलीकडे मुरमाच्या टेकाडांवर न्यायच्या. धम्मप्रिया ओरडून ओरडून शिकवायची, "उभी राहा की! बसून काय उतरायलीस? पेडल सपाट ठेव, गुडघे वाकव. चाकाकडं बघू नको, जायचंय तिकडं बघ. ब्रेक एका बोटानं, पंजा आवळू नको!"

भार्गवी पडली. लई वेळा पडली. कोपरं सोलली, नडगीवर काळेनिळे डाग उठले. शाळेत जाताना लांब बाह्यांचे ड्रेस घालू लागली. पण ती पडली तेव्हा कधी मला दोष दिला नाही. उठायची, माती झटकायची, मला ढकलत वर न्यायची आणि तोच उतार पुन्हा उतरायची. अशा हातांत असल्यावर मला मी कशासाठी आहे ते कळलं.

रस्त्यावरचे लोक मात्र! कुणी मोटरसायकल हळू करून विचारायचं, "मॅडम, घरचे काय म्हणत न्हाईत का?" कुणी म्हणायचं, "स्कूटी न्हाय का तुमाला?" शेजारून पोरगा सायकल चालवत गेला तर त्याला कुणी असलं विचारलं नाही. माझी चाकं गरम व्हायची ती उन्हाने नव्हे.

मग तुळजापूरच्या बाजूच्या डोंगरात एक लहानशी शर्यत ठरली, नवख्यांसाठीही गट होता. भार्गवीने घरी समजावून सांगितलं. चढ आपल्या पायांनी चढायचा, तिथे वेळ मोजत नाहीत. घड्याळ लागतं ते फक्त उतारावर. तीन उतार, तिन्ही मिळून ज्याला कमी वेळ लागला तो पहिला.

पोळ्या लाटता लाटता पद्मजाबाई म्हणाली, "उतरायची काय शर्यत असती गं? उताराला सायकल आपोआपच जाती की."

सगळे हसले. हसा! आपोआप जाते म्हणे. आपोआप जाते ती दरीत. वाटेवर ठेवायला माणूस लागतो आणि ब्रेक लागतो.

वडील गोपाळराव हसून झाल्यावर गंभीर झाले. निवृत्त हेडक्लार्क माणूस, घरातसुद्धा अट घालूनच बोलतो. म्हणाले, "एकदा जाऊन ये. शर्यत पुरी केलीस तर पुढचं बघू. नाही जमली, तर सायकल हृषीकेशला परत, तो विकून टाकेल. मग परत हे नाव काढायचं नाही." भार्गवी "बरं" म्हणाली. त्या एका "बरं"वर तिचं आणि माझं सगळं टांगलेलं होतं.

आता ऐका खरी गोष्ट.

शर्यतीच्या आधी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा. पद्मजाबाईने विळी, शिवणयंत्र, कात्री, स्कूटर सगळं पुसून मांडलं. लोखंड गंजू नये म्हणून एकेकाला तेलाचं बोट लावलं. मग माझ्याकडे वळली. माझ्या चाकांच्या मध्ये स्टीलची पातळ, चकचकीत चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. धूळ बसली की ती जरा करकरते. पद्मजाबाईने चाक फिरवून पाहिलं आणि हळहळली, "बिचारी किती करकरती! तेलच दिलं नाही वाटतं कुणी हिला." आणि कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून तिने दोन्ही डिस्क न्हाऊ घातल्या. वर हळदकुंकू. हँडलला झेंडूची माळ. हात जोडून म्हणाली, "पोरीला नीट घरी आण गं."

अगं बाई, तूच तर मला आंधळी केलीस! साखळीला तेल, सांध्याला तेल, सगळं चालतं, पण डिस्कला तेलाचा थेंबही चालत नाही. तेल पॅडमध्ये शिरलं की ब्रेक पकडतच नाही. आणि हे तिला या घरातल्या कुणी, कधी सांगितलं होतं? एकाने नाही! दोन वर्षं पुसायला तिलाच ठेवलं, पण ही वस्तू काय आहे ते समजावून सांगायला कुणाला सवड झाली नाही. भार्गवी तेव्हा शाळेत मुलांच्या पाटीपूजनाला गेली होती. घरी आली, माळ बघून हसली, माळ उतरवली. चालवून पाहिलं नाही. निघण्याआधी ब्रेक दाबून पाहायचा हा पहिला धडा, तोच विसरली. तिचाही मला राग आला, का लपवू?

धम्मप्रियाच्या भावाच्या पिकअपमधून आम्ही डोंगरापाशी पोचलो. तिथल्या लोकांनी हेल्मेट पाहिलं, गुडघ्यांचे पॅड पाहिले आणि तपासल्याची चिठ्ठी चिकटवली. माझा ब्रेक कुणी दाबून पाहिला नाही. मग चढ. चढाला ब्रेक लागतो कुठे? भार्गवी घामाघूम होऊन, कुठे चालवत, कुठे ढकलत माथ्यावर पोचली. धम्मप्रियाचा नंबर आधी होता, ती उतरून गेली. मग भार्गवीचं नाव पुकारलं.

ती निघाली. पहिलं वळण आलं, तिने एका बोटाने ब्रेक दाबला. मी किंचाळले, पण थांबले नाही. दोन बोटं, मग सगळा पंजा. काही नाही. खाली दगडांची घळ आणि आम्ही सुसाट. दुसरं कुणी असतं तर डोळे मिटले असते. भार्गवीने अंग मागे टाकलं, घळीकडे न बघता कडेच्या तरवडाच्या झुडपांकडे बघितलं आणि मला सरळ त्यांत घातलं. फांद्या मोडल्या, तिचा गाल ओरबाडला, आणि आम्ही उभ्याच थांबलो. ती पडली नाही.

डिस्क तापली होती. तिच्यातून वास येत होता. करपलेल्या खोबरेल तेलाचा. भार्गवीने वाकून बोट लावलं, बोटाला तेल आणि हळद. तिला सगळं कळलं. ती तिथेच दगडावर टेकली आणि बोट मातीत पुसलं.

मग उठली. सपाटीला बसून, तीव्र उताराला खाली उतरून, मला हाताने आवरत, टाचा रोवत, घसरत तिने तो उतार पुरा केला. मागून येणारे सगळे पुढे गेले. खाली आल्यावर अधिकाऱ्याने माझा ब्रेक दाबून पाहिला आणि मान हलवली. "मॅडम, असं पुढं नाही सोडता येणार." त्याचं बरोबरच होतं. तिच्या नावापुढे "अपूर्ण" लिहिलं गेलं.

घरी पद्मजाबाई दारातच. "काय झालं गं? गालाला काय लागलं?"

"काही नाही. ब्रेक बिघडला," भार्गवी म्हणाली आणि आत गेली.

एवढंच! तेलाचं अवाक्षर नाही. आईला धक्का बसेल, म्हणून. मायेपोटी. आणि त्या मायेपायी मी बेकार ठरले, ती कच्ची ठरली. गोपाळराव अटीवर ठाम. दिवाळीला हृषीकेश आला आणि फराळ खात म्हणाला, "मी म्हणत होतोच की, हिला झेपायचं नाही." भार्गवीने खाली मान घालून त्याला आणखी चिवडा वाढला. त्याने टेंभुर्णीचं एक गिऱ्हाईक ठरवलं. तो माणूस भाऊबीजेच्या सकाळी टेम्पो घेऊन दारात हजर! माझं पुढचं चाक काढलं. हृषीकेश आणि तो मला जिन्यातून आडवी उतरवायला लागले. मी रागाने थरथरत होते.

तेव्हा भार्गवी जिन्यात आडवी उभी राहिली. ओवाळायचं तबक तिच्या हातातच होतं. "आई, ब्रेक बिघडला नव्हता. खंडेनवमीला तू डिस्कला तेल लावलंस. त्यानं उतारावर ब्रेक लागेना झाला, झुडपात घालून थांबवली, पडले नाही. मी मुद्दाम बोलले नाही."

पद्मजाबाईचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता रडेल. पण तिचा पारा असा चढला की माझा राग तिच्यापुढे काहीच नाही. "एवढे दिवस गिळून बसलीस? मला कुक्कुबाळ समजतीस काय? चुकलं तर माझं चुकलं म्हणायला मला जीभ नाही?" मग हृषीकेशकडे वळली. "आणि तू! सोड ती सायकल. तुझा ब्रेक चांगला होता तरी तू पडलास. हिला ब्रेकच नव्हता आणि ही उभी राहिली. झेपत नाही कुणाला?"

"आई, अगं, माझ्या पैशाची आहे ती."

"मग आज भाऊबीज आहे. घाल ओवाळणीत."

हृषीकेशने माझ्यावरचा हात काढला. गोपाळरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि काढलेलं चाक उचलून वर नेलं. टेंभुर्णीच्या माणसाला चहा आणि चिवडा मिळाला, तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

आता मला नवे पॅड बसले आहेत. डिस्क घासूनपुसून स्वच्छ आहे. पद्मजाबाईने भार्गवीला समोर बसवून माझा एकेक भाग शिकून घेतला. तिचा एक प्रश्न संपला की दुसरा, भार्गवीला जांभया येईपर्यंत. थंडीत त्याच डोंगरात पुन्हा शर्यत आहे आणि या वेळी पद्मजाबाई स्वतः खाली उभी राहणार आहे.

तरीही माझा राग गेलेला नाही. त्या गप्प बसण्याचा राग. आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून तुम्ही खरं पोटात ठेवता आणि त्यात भलत्याच कुणाचा बळी जातो. माझा जात होता. टेम्पोची फळी उघडी होती, दोर सोडून ठेवले होते. तेव्हा कृपा करा आणि वेळेवर बोलत जा. मी लोखंडाची आणि रबराची असून एवढं बोलले. तुम्हाला तर तोंड आहे.